कोंडाईच्या मिशीची कहाणी

ऐक कोंडामाये, तुझीच कहाणी. हसू आलं तर आवर.

आटपाट नगर होतं. तिथं कोंडाई नावाची कोष्टीण होती. मागावर बसे, ओव्या रची. देव तिच्यापुढं तान्हं होऊन रांगे. ती म्हणे, "देवा, तुला पदराखाली घेते, पाजिते, निजविते." मग देव पिई, मग देव निजे.

कोंडाई देवाघरी गेली. तिचा मठ झाला. मग मठात बुवा आले. बुवांना वाटलं, बाईच्या पाया कसं पडावं? मग मठातल्या तिच्या मूर्तीला मिशी चिकटवली, पागोटं घातलं, कोंडाईचा कोंडोबा केला. ओवीतल्या 'घेते'चं 'घेतो' झालं, 'पाजिते'चं 'पाजितो' झालं, 'निजविते'चं 'निजवितो' झालं. बायांनी अंगणात बसावं, ओठ मिटून ऐकावं.

त्याच नगरात येसू नावाची कोष्ट्याची सून होती. तिचं तान्हं अंगावर पिईना. वाळून काटकी झालं. सासू म्हणाली, "अगं, कोंडाईचा वसा घे. पुण्यतिथीला तिची ओवी कानावर पडली, की लेकरू पितं." मग पुण्यतिथीला येसू लेकरू घेऊन मठात गेली, बायांत अंगणात बसली.

बुवा गाऊ लागले, "देवा, तुला पाजितो." लेकरानं तोंड फिरवलं.

येसू म्हणाली, "बुवा, शब्द चुकला. पाजिते म्हणा."

"गप गं! पुरुषासारखा पुरुष मी, पाजिते म्हणू?"

पुन्हा गायले, "पाजितो." लेकरू रडू लागलं.

"बुवा, पाया पडते. माझं लेकरू जाईल हो!"

बुवांनी छाती पुढं काढली, तिसऱ्यांदा मोठ्यानं गायले, "पाजितोऽऽ!"

मग काय झालं? मूर्ती खुदकन हसली. मिशी गळून पडली. येसूचं सोडून अंगणातली सगळी तान्ही मांड्यांवरून उतरली, रांगत रांगत उंबरा ओलांडून गेली आणि बुवांना लुचू लागली. कुणी उपरणं ओढी, कुणी दाढी चोखी. बुवा ओरडले, "बायांनो, आवरा!"

बाया म्हणाल्या, "आम्ही कशाला? पाजितो म्हणालात ना? पाजा आता!"

बुवा रडकुंडीला आले. "येसूबाई, चुकलो. तूच म्हण, माये."

मग येसू उंबरा ओलांडून आत गेली, गादीवर बसली, मोकळ्या गळ्यानं गायली, "पदराखाली घेते, पाजिते, निजविते." तान्ही आपापल्या आयांकडे परतली. मूर्तीचं पागोटं सुटलं, त्याचा पदर झाला. आणि येसूचं लेकरू चुटूचुटू प्यालं.

बुवा हळूच म्हणाले, "मग मी काय म्हणू?"

"निजवितो म्हणा, बुवा. ते तुमचं खरं आहे. तुमच्या प्रवचनात अख्खा गाव निजतो."

तेव्हापासून मठात बाया गातात, बुवा पाळण्याची दोरी ओढतात.

कोंडामाय येसूला पावली, तशी तुम्हां-आम्हां पावो. ऐकणारीच्या 'ते'चा 'तो' कुणी न करो. साठां उत्तरांची ही कहाणी, पाचां उत्तरीं, हसतमुखानं सुफळ संपूर्ण झाली.