कंपनीने परत बोलावलेली गाडी

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. उगाच दुसऱ्या कुणाचं नाव कशाला घ्या, तो मीच. रंगनाथ काळोखे, मुक्काम निंबोडी. दळण बारीक काढतो, एवढी एकच गोष्ट मला धड जमते. बाकीचं सगळं माझी बायको कौसल्या बघते.

आमची लेक प्रणाली पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळे सातवा महिना संपला की शुक्रवारी तिला आणायचं ठरलं. कौसल्येने महिनाभर आधीच डिंकाचे लाडू वळून ठेवले होते. बसने पोरीची हाडं खिळखिळी व्हायला नकोत म्हणून मी तालुक्याच्या एका डॉक्टरांची जुनी गाडी घेतली. हार घातला, नारळ फोडला, लिंबू-मिरची टांगली. मग आमच्या अस्लम मिस्त्रीला दाखवली.

अस्लमने बॉनेट उघडलं आणि तो म्हणाला, "नाना, या मॉडेलच्या काही गाड्यांचे ब्रेकचे पाइप कच्चे निघालेत. कंपनी त्या गाड्या परत बोलावते आणि पाइप फुकट बदलून देते. ह्या गाडीचं ते काम झालंय का बघा. त्याशिवाय पोरीला आत बसवू नका. ऐन उतारावर ब्रेक गेला तर काय करणार?"

त्या गाडीत माझे दोन जीव बसणार होते.

म्हटलं, ठीक. कंपनी बोलावते ना, बोलावू दे. गाडीचं तोंड रस्त्याकडे केलं, ऐकू यावं म्हणून काचा खाली केल्या आणि शेजारी खुर्ची टाकून बसलो. शनिवार गेला, रविवार गेला. कुणी बोलावलं नाही.

अस्लम कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "अहो नाना, बोलावण्याची वाट बघत बसायचं नसतं. आपण होऊन जायचं."

हे मरेपर्यंत विसरायचं नाही, असं मी ठरवलं. विसरलो नाही, तीच तर भानगड झाली.

सोमवारी शेळक्यांच्या नव्या घराची वास्तुशांत होती. शेळक्यांचं आणि आमचं सांडपाण्याच्या नाल्यावरून अकरा वर्षं बोलणं नाही. आमंत्रण कुठून येणार? मी आपण होऊन गेलो. पहिल्याच पंगतीला बसलो. जिलबी दोनदा मागून घेतली. मठ्ठा वाढता वाढता शेळके माझ्यापुढे थांबले.

"रंगनाथ, तुला कुणी बोलावलं?"

"वाट बघत बसलो नाही," मी म्हणालो.

घरी कौसल्येने माझी बिनपाण्याने केली. "अकरा वर्षांत त्यांच्या दारात पाय ठेवला नाही आणि गेलात ते जेवायला? बोलावल्याशिवाय कुठं जायचं नाही. नाव घेऊन बोलावलं तरच उठायचं. शिरलं का डोक्यात?"

शिरलं. हेही मरेपर्यंत विसरायचं नाही, म्हटलं.

मंगळवारी अस्लमने कंपनीचा फोन लावून दिला. फोनवरच्या बाईंनी गाडीचा नंबर विचारला. मी पाटीवरचा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, हा चालणार नाही, चासीचा सांगा. मी अस्लमकडे बघितलं. त्याने मला बॉनेटखाली वाकवलं, फडक्याने मळ पुसला आणि पत्र्यावर ठोकलेला लांबलचक नंबर दाखवला.

"नाना, पाटीवर जाऊ नका. पाटी कुणीही बदलतं. अंगावर कोरलेलं असतं तेच खरं."

वा, म्हटलं, हे तर सोन्यासारखं बोलला. मी तो नंबर सांगितला. बाई म्हणाल्या, "या गाडीचे पाइप बदललेले नाहीत. उद्या शोरूमला घेऊन या." बघा, अस्लमचा संशय खरा निघाला. पोरीला तसंच आणलं असतं तर, या विचाराने मला रात्री जेवण गेलं नाही.

बुधवारी शोरूमला गेलो. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "तुमचं नाव?"

रंगनाथ अगदी ओठावर आलं होतं. पण ते पडलं नुसतं गिरणीच्या पाटीवरचं. मी बाही वर सारली. लग्नाच्या वर्षी जत्रेत दंडावर हिरवंगार गोंदवून घेतलंय, ते नीट वाचलं.

"कौसल्या," मी म्हणालो.

मुलीने माझ्या मिशांकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. "बसा. लागलं तर बोलावते."

दुपारी दोनला तिने हाक मारली, "कौसल्याताई, सहीला या." मी चकित झालो. ही कधी आली? बसल्या जागेवरून मान वळवून सगळीकडे बघितलं, कुठं दिसेना. तीनला पुन्हा पुकारा झाला, चारला पुन्हा. माझं नाव कुणी घेतलं नाही, मी उठलो नाही. सहा वाजता ती मुलगीच माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"काका, तुमच्या सहीवाचून काम अडलं हो. एकच पाइप झालाय, दुसरा उद्या. गाडी राहू द्या इथंच."

मी कसली ठेवतोय. गाडी संध्याकाळी दारात हवी, असं कौसल्येने बजावलं होतं. काटा वीसच्या वर जाऊ न देता घेऊन आलो.

अस्लम सहसा आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. "नाना, पोरगी बसणार आहे यात. काम अर्धवट असताना आणायचंच कसं? आधी विचारायचं, पूर्ण झालं का? नाही म्हणाले की तिथंच ठेवून यायचं. पूर्ण झालं की फोन करा, असं सांगायचं. एवढं सोपं आहे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच होतं त्याचं. लेकीच्या जिवापुढे माझी कसली घाई? बाकी सगळं विसरेन, म्हटलं, पण हे नाही.

गुरुवारी अस्लम स्वतः गाडी घेऊन गेला आणि दुसरा पाइप बसवून आणला. उतारावर नेऊन ब्रेक तीनदा दाबून दाखवला. गाडी जागच्या जागी थांबली. कौसल्येने अस्लमला चार लाडू दिले. मला दिले नाहीत.

शुक्रवारी सकाळी मी एकटाच व्याह्यांकडे पोचलो. चहा झाला. विहीणबाईंनी प्रणालीची ओटी भरली, पिशव्या गाडीत गेल्या, लोणच्याची बरणी गेली. प्रणाली कमरेवर हात ठेवून सावकाश पायऱ्या उतरत होती. तिला बघून मला भरून आलं. गाडीचं दार मी उघडलंसुद्धा होतं. पण बरं झालं, ऐन वेळी आठवलं.

"विहीणबाई, पूर्ण झालं का?"

"छे हो, अजून दोन महिने आहेत की."

"नक्की?"

"डॉक्टरांनीच सांगितलंय."

बुधवारची चूक मी पुन्हा करणार नव्हतो.

घरी आलो तर दारात कौसल्या हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी. आजूबाजूच्या बायका जमल्या होत्या. रुसवा सोडून शेळकेवहिनीसुद्धा आल्या होत्या. मी ब्रेक दाबला. गाडी बरोबर उंबऱ्यासमोर थांबली. काय पाइप होते, वा. कौसल्येने हसत हसत मागचं दार उघडलं. आत पिशव्या होत्या आणि लोणच्याची बरणी.

"पोरगी कुठंय?"

"अर्धवट होतं," मी म्हणालो. "तिथंच ठेवून आलो. पूर्ण झालं की फोन करतील."