इनेसचं 'एस्टँड अप'

मेक्सिकोची इनेस लग्न होऊन पुण्यात आली. हॉटेलातली नोकरी ठरत आली होती, पण इंग्रजी संभाषणाच्या परीक्षेत पास झाली तरच. परीक्षक खांबेटेसर सहा महिने लंडनला राहून आलेले. तेव्हापासून त्यांना कुणाचंच इंग्रजी पसंत पडत नसे.

इनेस पडली स्पॅनिश बोलणारी. 'स्टँड अप' म्हणायला गेली की जिभेवर आधी 'ए' येऊन बसायचा. परीक्षेतही तेच झालं.

"एस्टँड अप?" सर खुर्चीत रेलून खो खो हसले. "बाई, हे जगात कुणालाही कळायचं नाही. नापास!" आणि तसा शेरा कागदावर लिहूनही टाकला.

इनेसचा चेहरा उतरला. खोलीला नुकताच ऑइलपेंट दिलेला, त्याचा वास तिच्या नाकात भरला. तशी सरांच्या खुर्चीकडे बोट दाखवून ती ओरडली, "एस्टँड अप, सर! एस्टँड अप!"

सर ताडकन उठले आणि मागून पँट चाचपू लागले. "रंग लागला की काय?"

"छे, खुर्ची कोरडी आहे," इनेस म्हणाली. "पण सर, जगात कुणालाही न कळणारं तुम्हाला बरं कळलं!"

सर पँटवर हात ठेवून तसेच उभे.

"सिट डाउन, सर," इनेस गोड हसून म्हणाली.

सर मुकाट्याने बसले आणि 'नापास'मधला 'ना' खोडला.