डाव्या तोंडाची कणीक

सत्काराची पुस्तिका काढायची आहे तात्या, दोन पानं तुम्हीही लिहा, म्हणून मठाचे लोक माझ्यामागं लागलेत. मी दुसरी पास, तेही मास्तरांनी कंटाळून केलं. जन्म मठाच्या चुलीपुढं गेला. भाकरी मागा, थापून देतो. लिहिणं माझं काम नाही. पण नाही म्हटलं तर रोज येऊन चहा पितात आणि उठत नाहीत. तेव्हा एकच गोष्ट सांगतो. गोड करून सांगणार नाही.

“मग मी आता करू काय, बुवा?”

अंबादासनं हे विचारलं तेव्हा त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, गळ्यात अडकवलेला. फटफटीवरून पडला आणि मनगट मोडून आला. मठात पखवाज शिकवणाऱ्या येसूबुवांचा हा सगळ्यात तयार शिष्य. त्या वर्षी सप्ताहात मुख्य पखवाज पहिल्यांदाच त्याच्याकडं यायचा होता. डॉक्टर म्हणाला, हाड जुळेल, पण हात पहिल्यासारखा चालेल का ते आताच सांगत नाही. तेव्हापासून हा भिंतीकडं तोंड करून बसायचा. ताट मीच ठेवायचो, भरलेलं मीच उचलायचो.

बुवा पखवाजाची वादी, म्हणजे कातडं ताणायची पट्टी, ओढत होते. वर न बघता म्हणाले,

“कणीक मळ.”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात. ती नसली तर तो घुमत नाही, नुसता डबा वाजतो. वाजवून झालं की खरवडून काढायची, नाहीतर कातडं खराब होतं. आमच्या मठात रीत अशी, की नवा विद्यार्थी आला की त्यानं वर्षभर फक्त कणीक मळायची. वाजवायचं नाव काढायचं नाही. अंबादास मामाकडून हात तयार करून आला होता, म्हणून त्याचं ते वर्ष माफ झालं. त्याची कणीक मीच मळायचो, भाकऱ्यांच्या आधी.

मी परातीत पीठ घेतलं, पाण्याचा तांब्या घेतला आणि त्याच्यापुढं ठेवलं.

त्यानं परातीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग डाव्या हातानं परात उचलून माझ्या अंगावर भिरकावली. काठ कपाळाला लागला. पीठ डोळ्यात, दाढीत, आणि वरून रक्त. चुलीपुढच्या माणसाचं काम मला सांगता काय, म्हणाला.

बुवा त्याला काही बोलले नाहीत. माझ्या कपाळाला हळद लावली आणि सांडलेलं पीठ स्वतः गोळा करत बसले. मी मनात म्हटलं, छान. मार आम्ही खायचा आणि लाड ह्याचे.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता बुवा अंबादासचा पखवाज घेऊन ओट्यावर बसले. म्हातारं माणूस. कणीक मळली, डाव्या तोंडावर थापली, ओल्या बोटानं कडा सारख्या केल्या. वाजवलं मात्र नाही. दिवस मावळताना खरवडली आणि नदीवर जाऊन माशांना घातली.

असं रोज. चांगलं पीठ रोज माशांना. माझा जीव तुटायचा, पण बुवांपुढं कोण बोलणार.

शेवटी एका सकाळी भिंतीकडून आवाज आला.

“कोण वाजवणार आहे?”

“कोणी नाही.”

“मग लावता कशाला?”

बुवांनी बोटाची कणीक परातीच्या काठाला पुसली.

“मोडलाय तुझा हात. ह्याचं काय मोडलंय?”

…

चुलीवर दूध उतू गेलं, वास आला, तरी मी उठलो नाही.

मग अंबादास उठला. बुवांच्या पुढ्यातली परात डाव्या हातानं आपल्याकडं ओढली.

एका हातानं कणीक मळून बघा एकदा. परात फिरते, पीठ पळतं. त्यानं ती दोन्ही गुडघ्यांत दाबून धरली. पहिला गोळा दगड झाला, थापला तर सुटून माझ्या पायावर पडला. मी म्हटलं, हा माशांना घालू नका, एखादा मरायचा. हसला नाही. दुसऱ्या दिवशी सैल झाली, ओघळली. पुन्हा मळली.

हळूहळू कणीक बसायला लागली. बसली की नाही हे बघायला एक थाप मारावीच लागते. आधी एकच मारायचा. मग उजव्याचे बोल तोंडानं म्हणायचा आणि डाव्याचे हातानं वाजवायचा. इतकी वर्षं त्याचा डावा मी नीट ऐकलाच नव्हता. उजवा कडाडायचा आणि डावा आपला घरजावयासारखा मागं मागं. आता तो घुमला की माझ्या चुलीवरचं झाकण थरथरायचं.

ताट रिकामं यायला लागलं. मला तेवढंच कळतं.

प्लास्टर निघालं तेव्हा सप्ताह तोंडावर आला होता. हात बाहेर आला तो वाळलेल्या शेंगेसारखा. अंबादासनं आंघोळ केली, बुवांच्या पाया पडला, कणीक लावून पखवाज पुढ्यात घेतला. डाव्याची थाप दिली, ओटा भरून गेला. मग उजवा उचलून ‘ता’ मारला.

आवाज आला… उंदीर डब्यावरून गेल्यासारखा.

पुन्हा मारला. पुन्हा तसाच. मनगट वळत नव्हतं. तो हात त्यानं मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघत राहिला. डोळ्यातलं पाणी पुसायलाही डावाच वर आला.

“बुवा, हा माझा राहिला नाही.”

बुवा सरकत पुढं आले. डाव्या तोंडावरची ताजी कणीक त्यांनी खरवडून काढली. सावकाश गोळा केला. तो त्या वाळलेल्या तळव्यावर ठेवला आणि वरून एकेक बोट मिटवलं.

अंबादासनं विचारलं, “आणि सप्ताह?”

…

बुवा त्या मुठीकडंच बघत होते.

“मठात नवा विद्यार्थी आलाय,” म्हणाले. “त्याला आधी कणीक मळू दे.”

एवढंच. परात अजून वापरात आहे, काठाला चेपलेली. कपाळावरची खूणही आहे. सत्काराला या म्हणता, येईन, पंगतीच्या भाकऱ्याही थापीन. माफी तेवढी यायची राहिली आहे. ती कोणाकडून, हे तुमच्या पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर फोटोखाली छापलेलं असेल, तरी मीही लिहून ठेवतो. अंबादास भुतेकर.