काजळीची अठरा नखं

एका राज्यात मेघसेन नावाचा राजा होता. त्याची राणी हेमांगी ऐन तारुण्यात वारली. मागे राहिली कन्या इरावती आणि राणीची लाडकी मांजर काजळी. काजळी दिवसभर राणीच्या बंद दालनाच्या दाराशी बसे आणि दारावरचा रेशमी पडदा ओरबाडी.

राजाचा वैरी होता कालकेश मांत्रिक. त्याने शाप दिला, "या वाड्यात जे वस्त्र फाटेल, त्याची जखम राजाच्या अंगावर उमटेल." तसंच झालं. पडद्यावर ओरखडा उठे आणि सिंहासनावर बसलेल्या राजाच्या छातीतून रक्त ओघळे. दरबार भरणं बंद झालं.

राजाने आज्ञा केली, "त्या मांजरीची नखं मुळासकट उपटा."

इरावती पुढे झाली. "तात, ती आईची मांजर आहे. तीन दिवस द्या."

"दिले. चौथ्या दिवशी चिमटा येईल."

वाड्यामागच्या राईत एक बोलणारी साळुंकी राहत होती. इरावतीने तिला उपाय विचारला.

साळुंकी म्हणाली, "नखं उपटली तर बोटांची पेरंही जातील. मांजर जन्माची अधू होईल. त्यापेक्षा तीन कामं कर. उंच खुंटाला काथ्या गुंडाळून तो पडद्यापुढे रोव. मग तिचे पंजे हातात घेऊन तिची भीती घालव. तिसरं काम राजाचं. नखांची टोकं त्याने स्वतः कापायची. आतल्या गुलाबी शिरेला धक्का न लावता. शिक्षा देणारा हात जपू लागला की शाप सुटेल."

पहिल्या दिवशी काजळीने खुंट हुंगला आणि अंग ताणून त्यावर नखं घासली. दुसऱ्या दिवशी तिने इरावतीचा चारदा चावा घेतला, पाचव्यांदा पंजा तिच्या हातात राहू दिला.

तिसऱ्या दिवशी इरावतीने काजळीला आणि कात्री राजापुढे आणली. राजा म्हणाला, "मी तिला शिवणार नाही. तिला पाहिलं की राणी दिसते."

"मलाही दिसते, तात," इरावती म्हणाली.

राजाने काजळीला मांडीवर घेतलं. बोट हलकेच दाबलं, नख बाहेर आलं, त्याने टोक कापलं. अठरावं टोक खाली पडलं तेव्हा छातीवरच्या जखमा मिटल्या. तिकडे शाप उलटला आणि कालकेशाची वाचा गेली. दरबार पुन्हा भरू लागला.

राजाने राणीचं दालन उघडलं. काजळीने पलंग हुंगला, कोपरान् कोपरा धुंडाळला, आणि ती परत येऊन त्याच्या पायाशी बसली.

"मीही रोज असाच शोधतो," राजा तिला म्हणाला.