ढिला पट्टा

"ढिला म्हणजे किती ढिला? बोटभर? दोन बोटं? काहीतरी माप असंलच की, चाचा!"

इब्राहिम नाखवा खाली वाकले. गाडीच्या कडेला उकिडवे बसून त्यांनी रबरी पट्ट्यावर तळवा ठेवला, हलकेच दाबला, सोडला.

"चाचा, मी विचारतोय."

"मीही विचारतोय," नाखवा म्हणाले. "गाडीला."

रणधीर इंगवल्यानं हातातला पाना आपटला नाही, एवढंच. कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याच्या बापाचं वर्कशॉप होतं. हा पोरगा तिथं लेथच्या आवाजातच वाढला. डोंगरदऱ्यांत नि ओढ्यानाल्यांत गाड्या पळवायच्या स्पर्धा असतात, तिथं त्यानं बांधलेल्या गाड्या पहिल्या यायच्या. एकदा मात्र एका धरणाच्या गाळात त्याची गाडी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोटापर्यंत बसली ती क्रेनशिवाय निघाली नाही. तिथंच कुणीतरी त्याला सांगितलं होतं, गाळ शिकायचा असेल तर कारिवणे बंदरावर नाखवाचाचांकडे जा.

नाखव्यांची उमेदीची सगळी वर्षं परदेशातल्या दलदलींत, तेलाच्या कामावरच्या पट्ट्यांच्या गाड्या चालवण्यात आणि शिकवण्यात गेली होती. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसं कुठं कुठं होती. म्हातारपणी ते गावी परतले, ते खाडीपलीकडच्या बेटासाठी. भरतीला बेटावर होडी जायची. ओहोटी लागली की मधे राहायचा नुसता चिखल. ना होडी चाले, ना पाय. शाळेच्या बाई, दवाखान्याची नर्स, पिण्याचं पाणी, सगळं अडून बसायचं. गावच्या मच्छीमार सोसायटीनं मग ही गाडी घेतली. हौदासारखी बॉडी, खाली आठ बुटकी चाकं, दोन्ही बाजूंनी चाकांवरून ओढलेले रबरी पट्टे. चिखलात पट्ट्यांवर चालायची, पाणी आलं की तरंगायची, आणि तेच पट्टे पाणी मागं लोटून तिला पुढं न्यायचे. गाव तिला चिखलगाडी म्हणायचं.

रणधीर पावसाळा सरता सरता आला आणि राहिला. बेअरिंगमधलं ग्रीस बदलणं, चाकांत अडकलेले शिंपले काढणं, झिजलेली पट्टी बदलणं, सगळं त्यानं बघता बघता उचललं. हात सोन्याचा होता. फक्त उत्तर मिळाल्याशिवाय त्याला झोप यायची नाही, आणि नाखव्यांकडे उत्तरं कमी होती.

"पट्टा ताणला तर उतरत नाही. बरोबर?" तो विचारायचा.

"बरोबर."

"मग तुम्ही ढिला का ठेवता?"

"उतरू नये म्हणून सगळं करायचं असेल, तर गाडी बाहेरच काढू नये."

"ही चेष्टा झाली, चाचा."

"थोडी."

पुढं नाखवा चार-सहा दिवसांसाठी लेकीकडे महाडला गेले. रणधीरला तेवढी सवड पुरली. त्यानं लोखंडी अँगल कापून दात बनवले, चांगले वीतभर लांबीचे, आणि पट्ट्यावर ओळीनं बोल्टनं आवळले. मागचा ताणाचा बोल्ट फिरवून पट्टा असा कसला की टिचकी मारली तर वाजावा. मग गाडी किनाऱ्याच्या वाळूत नेली. गाडी अशी उसळली की जेट्टीवरची माणसं जाळी विणायची थांबली.

नाखवा आले. गाडीभोवती फिरले. एकेका दातावरून त्यांनी बोटं फिरवली. वेल्डिंग पाहिलं, बोल्टांची डोकी पाहिली.

रणधीर वाट बघत उभा होता.

"काम देखणं झालंय," नाखवा म्हणाले.

"मग?"

"मग काय... देखणं झालंय."

तेवढ्यात किनाऱ्यावरून कुणीतरी ओरडत आलं. जानकी भोईरची जाऊ होती ती, यमुना. गुडघ्यांपर्यंत चिखल, पदर सुटलेला.

"चाचा! जानकी रुतली! खुबं-शिंपल्या काढाया गेलो व्हतो... बेटाच्या अंगाला... कमरंवर गेलीय, निघंना!"

नाखव्यांनी समुद्राकडे पाहिलं. पौर्णिमा कालच झाली होती. उधाणाची भरती, आणि ती लागली होती.

"होडी?" कुणीतरी म्हणालं.

"होडी तरंगेपर्यंत पाणी तिच्या डोक्यावरून जाईल," नाखवा म्हणाले आणि गाडीत चढले. पण चालवायच्या जागेवर बसले नाहीत. बाजूला बसले.

"चल," ते रणधीरला म्हणाले.

रणधीरनं किल्ली फिरवली. आत कुठंतरी त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची पुढं कितीतरी दिवस त्याला लाज वाटत राहिली.

कडेचा चिखल घट्ट होता. गाडी दात रोवत सुसाट निघाली. मागं चिखलाचे फवारे उडत होते. दूरवर जानकीची लाल साडी दिसली, मग तिचे पसरलेले हात दिसले. गाडीत असते ती लांब फळी नाखव्यांनी मांडीवर आडवी धरून ठेवली होती.

मग चिखल बदलला. वरून तसाच दिसत होता, पण खाली नुसती कढी होती.

गाडी मंदावली. रणधीरनं रेस दिली. दातांनी चिखल उकरला. त्यानं आणखी रेस दिली. दातांनी आणखी उकरला. गाडी पुढं जाण्याऐवजी खाली जाऊ लागली. पट्टा आणि चाकांच्या मधे चिखल कोंबला गेला. पट्टा इतका कसलेला होता की आत शिरलेल्या चिखलाला बाहेर पडायला फटच नव्हती. इंजिन गुरगुरलं, पट्टे थांबले, आणि गाडी पोटावर बसली.

जानकी अजून हाकेच्या अंतरावर होती.

रणधीरनं पुन्हा पाय दाबला. नाखव्यांनी हात लांब करून किल्ली फिरवली आणि काढूनच घेतली.

"चाचा! किल्ली द्या! बाई बुडंल!"

नाखव्यांनी त्याच्याकडे बघितलंच नाही.

"जानकी!" त्यांनी हाक मारली. "हलतेस काय गं?"

"न्हाय चाचा! हालले की आत जातंय!"

"हलू नकोस. हात पसरून ठेव. मागं रेल. आम्ही आलोच."

आलोच! गाडी जागची हलत नव्हती, आणि लांबून पाण्याची एक पातळ चकचकीत रेघ चिखलावरून सरकत येत होती.

नाखव्यांनी पाना त्याच्या हातात दिला.

"ढिला कर."

"पट्टा उतरंल."

"उतरेल."

"मग?"

"मग चढवू. कर."

रणधीर कडेवरून ओणवा झाला. खांद्यापर्यंत हात चिखलात घातला, चाचपडत बोल्ट शोधला. त्यानं स्वतःच तो जीव खाऊन आवळला होता. पाना दोनदा सटकला, बोटांची सालं निघाली. तिसऱ्यांदा बोल्ट फिरला. पट्ट्यानं सुस्कारा सोडल्यासारखा आवाज केला. मग दुसरी बाजू. नाखवा फळीवर पालथे पडून दोन्ही हातांनी चाकांमधला चिखल उपसत होते. त्या वयात... धापा टाकत, पण घाई न करता.

पाणी आलं. आधी बोटभर, मग घोट्याएवढं.

"आता किल्ली द्या."

"नाही."

"चाचा, तिच्या छातीला लागलंय पाणी!"

"आपल्या गाडीला अजून त्यानं उचललेलं नाही."

"म्हणजे आपण नुसतं बघत बसायचं?"

नाखव्यांनी बोटं आणखी आवळली. किल्ली मुठीत होती. रणधीरला ती मूठ उघडून किल्ली हिसकावून घ्यावीशी वाटली. तो उठलाही. आणि मग त्याला दिसलं, म्हाताऱ्याची ती मूठ थरथरत होती.

तो खाली बसला.

पाणी चढत होतं. जानकी हाका मारत नव्हती. यमुनेचं ओरडणं किनाऱ्यावरून बारीक ऐकू येत होतं. रणधीरला वाटलं, आयुष्यात आपण इतकं गप्प कधी बसलो नव्हतो...

गाडी हलली. अगदी थोडी. झोपलेलं जनावर कूस बदलतं तशी.

नाखव्यांनी किल्ली त्याच्यापुढं धरली.

"हळू. लाज वाटेल इतकं हळू."

रणधीरनं गाडी सुरू केली. पट्टे लोंबत होते, लटपटत होते, चिखल गिळत होते आणि थुंकत होते. पण फिरत होते. वरून पाण्यानं उचललं, खालून पट्ट्यांनी चाटत चाटत ढकललं. गाडी जानकीपाशी गेली, तेव्हा तिच्या हनुवटीला पाणी लागलं होतं.

रणधीरनं तिच्या काखेत हात घालून ओढलं. जानकी किंचाळली.

"ओढू नकोस!" नाखवा पहिल्यांदाच ओरडले. "नुसती धर."

"नुसती?"

"नुसती धर. सोडू नकोस."

त्यांनी गाडीच्या तळाशी ठेवलेला बांबू घेतला आणि तिच्या पायालगत चिखलात खाली सारला, हलवला, काढला, पुन्हा सारला. बांबूच्या वाटेनं पाणी खाली शिरू लागलं. रणधीर धरून होता. जानकीची मान त्याच्या दंडावर होती. तिचे ओठ निळे पडले होते.

"भाऊ," ती म्हणाली, "पाय हलाया लागले."

"हळू, ताई. हळूच काढा."

एक पाय सुटला, मग दुसरा. ती गाडीत येऊन पडली आणि बराच वेळ नुसती आकाशाकडे बघत राहिली.

परतताना डावा पट्टा चाकांवरून उतरला आणि बाजूला लोंबत राहिला. उतरणारच होता. उरलेल्या एका पट्ट्यावर गाडी पाण्यात गोल गोल फिरू लागली, तेव्हा रणधीरनं फळीचं वल्हं केलं आणि तळहाताला फोड येईतो मारलं. खाडीनं त्यांना बंदरापासून बरंच आत, पार मिठागराच्या बांधाला नेऊन लावलं. तिथवर गाव धावत आलं होतं. बायकांनी जानकीला चादरीत गुंडाळलं. तिच्या म्हाताऱ्या सासऱ्यानं रणधीरचा हात दोन्ही हातांत धरला. आणि रणधीरला त्याच्याकडे बघता येईना.

सगळे गेल्यावर तो बांधावर बसून राहिला. नाखवा शेजारी येऊन टेकले. लुंगी पिळली, दाढीतला चिखल काढला.

"तुम्हाला ठाऊक होतं," रणधीर म्हणाला. "दात उकरणार, पट्टा अडकणार... सकाळीच ठाऊक होतं. अडवलं का नाही मला?"

नाखव्यांनी लुंगीला हात पुसले.

"पट्टा कसलाय ते मी हात लावून बघितलंच नाही. तुझ्या दातांकडेच बघत राहिलो," ते म्हणाले. "मलाही आवडले होते ते."

रणधीरनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं. चाचा थट्टा करत नव्हते.

"मग तुम्ही तिथं किल्ली काढून घेतली ती..."

"घाबरलो होतो."

वारा सुटला होता. कलंडलेल्या गाडीचा सुटा पट्टा बांधावर पडला होता. दातांत जानकीच्या लाल साडीची एक चिंधी अडकली होती.

रणधीरनं ती बघितली आणि तोंड फिरवलं.

"चाचा, मी उद्या कोल्हापूरला जातो. हे काम माझं नव्हं. हातात कला असून काय उपयोग... माणूस मेलं असतं आज माझ्या हातनं." त्याचा आवाज फाटला. "वर मी खूश झालो होतो, चाचा. तुम्ही चल म्हणालात तेव्हा. ती बाई तिकडं रुतलेली, आणि मी खूश झालो होतो."

नाखव्यांनी हे ऐकून घेतलं. हात ठेवला नाही, समजूत काढली नाही. मग गुडघ्यावर जोर देत उठले, मिठागरावरच्या गोड्या पाण्याच्या टाकीकडे गेले आणि एक भरलेली बादली नि काथ्याचा ब्रश घेऊन आले. बादली त्यांनी रणधीरच्या पायाशी ठेवली.

"पट्टे धू. बेअरिंगांतून खारं पाणी काढ."

"आत्ता?" रणधीरचे डोळे भरून आले होते. "चाचा, आज नको... आज माझं मन ठिकाणावर नाही."

नाखव्यांनी ब्रश त्याच्या हातात दिला.

"मन टिकेल उद्यापर्यंत," ते म्हणाले. "लोखंड टिकणार नाही."