बोरीच्या जाळीतला तित्तर

माळावर तित्तर उदंड होते तेव्हाची गोष्ट. राणू शिकाऱ्याकडे दोन कुत्री होती. कारवानी जातीचा उंच शिकारी कुत्रा सशामागे वाऱ्यासारखा धावे. म्हातारी चिंधी आखूड पायांची, पण नाकाने तिखट. तित्तरांच्या शिकारीला राणूने ऐटबाज कारवान्यालाच नेलं. चिंधी आपणहून त्यांच्या मागोमाग गेली.

कारवान्याने गवतात धाव घेतली आणि राणूने नेम धरण्याआधीच थवा उडाला. एकच तित्तर बाण लागून बोरीच्या जाळीत पडला. तो काही कारवान्याला सापडेना.

चिंधी हुंगत काट्यांत शिरली. तित्तर अलगद तोंडात आणून तिने कारवान्यापुढे ठेवला. "तूच ने. मालकाने तुला आणलंय."

कारवान्याने तो उचलून राणूकडे नेला.

"शाबास! जातिवंत तो जातिवंतच!" राणूने त्याला कुरवाळलं.

मागे चिंधी पंजाने नाकातला काटा काढत होती. कारवान्याची शेपूट काही केल्या हलेना.