सात पत्रं

माळाच्या कडेला एक गाव होतं. त्या गावात म्हाळू नावाचा एक धनगर राहत होता. माणूस ताठ. कुणापुढे वाकला नाही, कुणाला काही विचारलं नाही.

त्याची एकुलती एक लेक सगुणा लग्न होऊन दोन दिवसांच्या वाटेवर गेली होती. त्या मुलखाची रीत अशी, की सासरहून बोलावणं आल्याशिवाय बापाने लेकीच्या दारात जायचं नाही आणि बाप न्यायला आल्याशिवाय लेकीने घर सोडायचं नाही.

दर दसऱ्याला सगुणाचं पत्र येई. म्हाळूला अक्षर ओळखू येत नव्हतं, पण ते तो कुणाला सांगणार? लोक विचारत, "काय लिहिते लेक?" तो म्हणे, "खुशाल आहे." पत्र दुमडून मेंढरं मोजायच्या खड्यांच्या पिशवीत टाकी. मग दिवाळीभर वाटेकडे बघत बसे. बोलावणं घेऊन कुणी येत नसे. 'पोर बापाला विसरली,' असं तो मेंढरांना सांगे.

अशी सात पत्रं झाली. आठव्या दसऱ्याला पत्र आलंच नाही.

त्या रात्री त्याला भाकर गेली नाही. सकाळी मेंढरं घेऊन तो ओढ्यावर आला. तिथे बालवाडीच्या कुमुदबाई पोरांना घेऊन बसत. पाटी नाही, पुस्तक नाही. पोरं वाळूत बोटाने अक्षरं काढत, काटक्या वाकवून अक्षरं मांडत. म्हाळू रोज लांबून बघे आणि हसे. आज हसला नाही. तो पोरांच्या रांगेत मांडी घालून बसला. शेजारी पाच वर्षांची इंदू होती.

गावचा पाटील ओढ्यावरून चालला होता. तो ओरडला, "काय म्हाळूबा, शेंबूड पुसायला फडकं आणलंय का?"

म्हाळूचे कान तापले. उठावं आणि चालू लागावं, असं वाटलं. मग त्याने पत्रांची पिशवी चाचपली.

"मला वाचता येत नाही," तो म्हणाला. "कधीच येत नव्हतं. म्हणून बसलोय."

पाटील आपल्या वाटेने निघून गेला.

इंदूने त्याच्यापुढे काटक्या सरकवल्या. "आज्जा, रडायचं नाही हं. मलापण पहिल्यांदा येत नव्हतं."

म्हाळू फुकटचं घेणारा नव्हता. पोरं वीसपर्यंत अंक पाठ म्हणत, पण सात चिंचोके मागितले तर नऊ देत. त्याने त्यांना मेंढरं कोंडायच्या काट्यांच्या वाडग्याच्या दाराशी उभं केलं. एक मेंढरू बाहेर, एक खडा पिशवीत. "तोंडाने मोजू नका. हाताने मोजा," तो दरडावून म्हणाला. चार दिवसांत पोरांचे चिंचोके चुकेनासे झाले.

आणि तो रोज पत्रातली दोनतीन अक्षरं बघून येई, वाळूत काढी आणि इंदूला विचारी, "हे कोणतं?" जोडाक्षर आलं की कुमुदबाईंना विचारी. दिवाळी चार दिवसांवर आली, तेव्हा त्याने पहिलं पत्र मांडीवर उलगडलं. बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत त्याने वाचलं:

'आबा, दिवाळीला न्यायला या. वाट बघते.'

दुसरं उघडलं. तेच. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. तेच. बोलावणं दर वर्षी येत होतं. ते त्याच्याच पिशवीत, खड्यांखाली पडून होतं.

सातव्यात एवढंच होतं: 'आबा, रागावलात का?'

म्हाळूने मेंढरं भावकीत सोपवली आणि वाट धरली. दोन दिवस चालला. सगुणाच्या अंगणात सहा वर्षांची एक मुलगी मातीचा किल्ला लिंपत होती. नाक थेट सगुणाचं. नात आहे, हेही त्याला माहीत नव्हतं.

"कोण पाहिजे?" तिने विचारलं.

त्याने काटकी उचलली आणि अंगणाच्या मातीत लिहिलं. मुलीने वाकून मोठ्याने वाचलं, "आ... बा."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला. सगुणा दारात आली. सासरी जाताना काळेभोर असलेले तिचे केस कानाजवळ पांढरे झाले होते. म्हाळूने ते मोजले नाहीत.

"आबा, इतकी वर्षं?"

"वाचायला वेळ लागला, पोरी."

तात्पर्य: येत नाही म्हणण्याची लाज घटकाभराची असते, ती लपवण्यात गेलेली वर्षं परत येत नाहीत. शिकण्यासाठी लहान पोराशेजारी मातीत बसावं लागलं, तरी बसावं.